भामाताईंना कुणी विचारलंच नाही

नवीन पनवेल
१४ जानेवारी २०२५

काळूरामभाऊ,

डिसेंबरात पाठवलेलं माझं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने शेरा मारलाय, ‘घेण्यास नकार’. एकाच्या अंगातली किडनी दुसऱ्याचं शरीर का नाकारतं, यावर मी आठ वर्षं डोकं फोडतेय. त्यामुळे नकाराची मला सवय आहे. या वेळी पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. अक्षरावरूनही तुम्ही ओळखणार नाही, कारण माझं अक्षर मलाच लागत नाही.

आज संक्रांत. आज तरी गोड बोलावं, पण मी मुळातली फटकळ. सरळ मुद्द्यावर येते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुम्ही भामाताईंना उरणहून डायलिसिसला घेऊन येता. फाटकाशी सोडता आणि समोरच्या चहाच्या टपरीवर चार तास आमच्याकडे पाठ करून बसता. माझ्या खिडकीतून दिसता. २०१७ च्या मार्चपासून तुम्ही आमची पायरी चढलेला नाहीत. तुमची किडनी मी भामाताईंना बसवली आणि अकराव्या दिवशी काढून टाकली, तेव्हा तुम्ही एकच वाक्य बोललात, “वाया घालवलीत माजी.” मी फाईल मिटली आणि निघून गेले. आजही मी एवढंच सांगेन की आम्ही सगळं नियमाप्रमाणे केलं होतं.

आता ऐका. भामाताईंच्या हाताच्या शिरा संपत आल्यात. सुई लावायला जागा शोधताना आमच्या रोशनी सिस्टरच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या काही हळव्या नाहीत. असं फार तर वर्षभर चालेल. त्यांना दुसरी किडनी हवी आहे. तुमची लेक समृद्धी स्वतःची द्यायला निघालीय, येऊन माझ्याशी भांडून गेली. आणि भामाताई काय म्हणतात? “ते वरती येऊन हो बोलले तर. नाय तर मला नको.”

तेव्हा तुम्हाला दोन जिने चढायचे आहेत. तुमच्या बायकोचा जीव तेवढ्यावर अडलाय.

पहिली किडनी का गेली, ते मला माहीत आहे. पण मला ते सांगता येत नाही, कारण ती गोष्ट माझी नाही.

डॉ. अरुंधती

नवीन पनवेल
९ फेब्रुवारी २०२५

काळूरामभाऊ,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुम्ही फोडलंत. शुक्रवारी टपरीवर तुम्ही एकदा वळून वर पाहिलंत. मी लगेच पडद्याआड झाले. या वयात पडद्याआड लपायचं म्हणजे शोभतं का मला!

समृद्धीने काल एक गोष्ट सांगितली आणि मी हादरले. तुमच्या मनात असं आहे म्हणे की किडनीच खराब होती. बोटीवर असताना प्यायचात म्हणून. वस्तीतही तसंच बोलतात. तुम्ही बोट सोडलीत, दारू सोडलीत, न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनरचे नंबर तपासायला बसलात, आणि आठ वर्षं मनात हे घेऊन बसलात. मला वाटत होतं तुमचा राग फक्त माझ्यावर आहे. तो मी आनंदाने घेतला असता.

भाऊ, तुमची किडनी उत्तम होती. मी ती हातात धरली आहे. मुठीएवढी, गुळगुळीत. असली चांगली किडनी वर्षातून एखादी दिसते. दारूचा काही संबंध नाही.

ती काढली तेव्हा मी चाळीस वर्षांची होते आणि पनवेलपासून पुण्यापर्यंत माझ्या हातांचं नाव होतं. टाके बघायला पोरं यायची. मला वाटायचं, हात चांगला असला की झालं. त्या अकरा दिवसांनी माझी घमेंड पार उतरवली. शिवण एकदम नीट, रक्त नीट वाहतंय, आणि पाचव्या दिवशी लघवी बंद. मी औषधं वाढवत गेले आणि ती मरत गेली.

त्यानंतर मी हॉस्पिटलकडे एक खोली मागितली. तिसऱ्या मजल्यावर चादरी ठेवायची खोली होती, ती मिळाली. एक सेकंडहँड फ्रीज, एक सूक्ष्मदर्शक आणि भाविका नावाची समुपदेशक, एवढ्यावर माझी प्रयोगशाळा सुरू झाली. आमचे मोठे साहेब म्हणाले, “अरुंधती, सर्जनने नळ्या घेऊन बसायचं नसतं.” मी सकाळी ऑपरेशनं करायची आणि दुपारी नळ्या घेऊन बसायची. अनुदानासाठी चार वेळा अर्ज केला, चारही वेळा तोंडघशी पडले. पाचव्यांदा मिळालं. त्या दिवशी भाविकाने आणि मी चादरीच्या खोलीत बटाटेवडे खाल्ले आणि फ्रीजला हळदकुंकू लावलं.

यातून काय सापडलं ते सांगायचं तर ती दुसरी गोष्ट सांगावी लागेल. मी भामाताईंची परवानगी मागितली आहे. त्या विचार करतायत.

अरुंधती

नवीन पनवेल
२ मार्च २०२५

काळूरामभाऊ,

भामाताई हो म्हणाल्या. “तुमीच लिवा, माज्या तोंडून नाय निघायचं,” असं म्हणाल्या. हे पत्र एकटे असताना वाचा.

संक्रांतीच्या पत्रात मी लिहिलं की सगळं नियमाप्रमाणे केलं होतं. ते खरं आहे आणि तीच माझी पळवाट आहे. आता काय झालं ते ऐका.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही दोघं माझ्यासमोर बसला होतात. माझ्यापुढे फॉर्म होता. मी पेन उचललं आणि विचारलं, “मुलं किती?” कुणाला विचारलं? तुम्हाला. भामाताई शेजारीच बसल्या होत्या, पदर सारखा करत. तुम्ही म्हणालात, “येकच पोरगी.” मी १ लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेले. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला तेवढंच ठाऊक होतं.

समृद्धीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा भामाताईंना दिवस गेले होते, भाऊ. दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं. दोन्ही वेळा तुम्ही दर्यावर होतात. तिसरा महिना लागल्याशिवाय पुरुषाच्या कानावर घालायचं नाही, आणि बोटीवर जाणाऱ्याच्या तर मुळीच नाही, असं तुमच्या आईंनी सांगितलं होतं. गेल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नाही. किडनी काढल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरून हे सांगितलं आणि शपथ घातली.

याचा किडनीशी काय संबंध, ते सांगते. मूल निम्मं बापाचं असतं. ते पोटात असताना आईचं रक्त बापाच्या अंगच्या खुणा ओळखायला शिकतं. दोन महिनेसुद्धा पुरतात. जितक्या वेळा दिवस जातील तितकी ओळख पक्की होत जाते. मग वर्षं सरतात. रक्त तपासलं तर काही दिसत नाही, सगळं स्वच्छ. आमची तपासणीही स्वच्छच आली होती. पण आत कुठेतरी ती ओळख झोपलेली असते. त्याच पुरुषाची किडनी अंगात आली की ती जागी होते आणि परकं समजून तुटून पडते.

एक मूल असतं तर कदाचित निभावलं असतं. तीन वेळा दिवस गेलेत हे मला कळलं असतं, तर मी थांबले असते. वेगळी औषधं दिली असती, नाहीतर दुसऱ्या कुणाची किडनी शोधली असती. फक्त मान वळवून बाईला विचारायला हवं होतं. मी स्वतः बाई असून विचारलं नाही. यात तुमचा दोष नाही, भामाताईंचा तर नाहीच नाही. दोष माझा आहे. मला माफ करा असं लिहायला मला आठ वर्षं लागली, ही त्याहून मोठी लाज.

प्रयोगशाळा सुरू झाल्यावर भाविकाने जुन्या फायली काढून तीनशे चाळीस बायकांना गाठलं. नवऱ्याला बाहेर बसवून, सासूला चहा घ्यायला पाठवून, एकेकीला एकटीला विचारलं, “किती वेळा दिवस गेले होते?” दर तिघींतल्या एकीचा आकडा फॉर्मवरच्या आकड्याहून जास्त निघाला. कुणाचा एकाने, कुणाचा चाराने. काहीजणी ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होत्या.

मग आम्ही नवी तपासणी तयार केली. बाईच्या रक्तातल्या पेशी आणि देणाऱ्याच्या पेशी आठवडाभर एका बशीत एकत्र ठेवायच्या. झोपलेली ओळख असेल तर ती तिथेच जागी होते, बाईच्या पोटात नाही. गेल्या तीन वर्षांत ज्यांची ओळख बशीत जागी झाली, त्यांना आम्ही आधीच सावरलं. त्यातली एकही किडनी तुमच्यासारखी गेलेली नाही. एकही नाही, भाऊ.

आता वर या.

अरुंधती

उरण
२४ मार्च

डाक्टर बाई,

नमस्कार. मी सातवी शिकलेला मानूस, चुकभूल घ्या.

तुमचा कागद यार्डाच्या केबिनीत वाचला. तीन येळा वाचला. मागं गाड्या हार्न मारत व्हत्या. मंग आठ दिवस मी भामाशी बोललो नाय. मला राग आला. आय माजी वारली, तिच्यावर काय रागावनार. तुमच्यावर तर व्हताच.

मंग समृद्धी मला बोलली, बाबा, तू आता पन तिला काय इचारत नाय. तवा मी भामाला इचारलं, कदी झालं. ती बोलली, पयल्या खेपेला नारळी पुनवेनंतर बोटी गेल्या तवा. दुसऱ्या दिवशी ती म्हावरं घेऊन बाजारात बसली व्हती. मी आठ दिवसांनी आलो, तर जेवन व्हायला येळ लागला म्हनून मी तिच्यावर वराडलो. ते वराडलेलं मला आठवतंय. तिला बी आठवतंय.

किडनीचं जाऊ दे, डाक्टर. दोन पोरं माजी गेली आनि मला कुनी बोललं नाय. मी घरी असतो तर काय केलं असतं म्हाइत नाय, पन बसलो असतो तिच्याजवळ.

तुमी चूक कबूल केली ते बरं केलं. माजी किडनी चांगली व्हती हे लिवलंत, तो कागद मी जपून ठेवलाय.

मंगळवारी येतो. वरती येतो.

काळूराम

नवीन पनवेल
१२ एप्रिल २०२५

काळूरामभाऊ,

आता तुम्ही दर मंगळवारी समोर येऊन बसता, मग पत्र कशाला? कारण तोंडावर कौतुक करायला मला जमत नाही.

या मंगळवारी आमच्या अथर्व डॉक्टरने, चांगला हुशार पोरगा, फॉर्म पुढे ओढला आणि तुमच्याकडे बघून विचारलं, “काका, गर्भधारणा किती?” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “मला काय इचारतोस? ती बसलीय ना, तिला इचार.” आणि भामाताई सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “तीन.” मी खिडकीकडे तोंड केलं, ते ऊन बघायला नव्हे. अथर्वला नंतर जे ऐकवायचं ते ऐकवलंच.

आता निकाल. समृद्धीच्या पेशी बशीत ठेवल्या, तर चौथ्या दिवशीच आईचं रक्त खडबडून जागं झालं. निम्म्या खुणा तुमच्याच ना. पोरगी इतकी रडली की मला तिच्याशी गोड बोलावं लागलं. तिला सांगा, तिने हट्ट केला नसता तर हे आज कळलंच नसतं.

मग गुणाबाई स्वतःहून पुढे झाल्या, आणि त्यांची बशी मात्र आठ दिवस शांत! भामाताईंच्या रक्ताने थोरल्या बहिणीच्या पेशींना परकं मानलंच नाही. तपासण्या सगळ्या उत्तम. मी त्यांना धोके समजावत होते, तर त्या मला थांबवून म्हणतात, “बाय, तू तारीख बोल. पन जूनच्या आत नको, माजा धंद्याचा टाइम हाय. पावसाल्यात बोटी बंद झाल्या की काय ती काढून घे.” आयुष्यात पहिल्यांदा मी ऑपरेशनची तारीख मासेमारीच्या बंदीवर ठरवली आहे. सतरा जून.

अरुंधती

१७ जून २०२५, दुपारी सव्वा वाजता

काळूरामभाऊ,

हातमोजे काढले आणि आधी हे लिहितेय. रोशनी सिस्टर खाली आणून देतील. मी गुणाबाईंना बघायला शेजारच्या थिएटरमध्ये जातेय, म्हणून स्वतः येत नाही.

किडनी जोडली. चिमटे सोडले. राखाडी होती ती बघता बघता गुलाबी झाली. आणि मी मनात चाळीसपर्यंत मोजते न मोजते तोच लघवीची धार आली, भाऊ! थेट माझ्या मनगटावर! थिएटरमध्ये सगळे ओरडले. मी पण ओरडले.

गुणाबाई ठणठणीत आहेत, असा निरोप आलाय. समृद्धीला सांगा. चहा प्या.

अरुंधती

नवीन पनवेल
२१ डिसेंबर २०२५

काळूरामभाऊ,

सहा महिने झाले. परवाचे रिपोर्ट बघितले आणि मी ते टेबलावर ठेवून पुन्हा उचलून बघितले. भामाताईंची किडनी माझ्या किडनीपेक्षा बरी चाललीय. त्यांनी डायलिसिसच्या खुर्चीला लांबूनच हात जोडले, असं रोशनी सिस्टर सांगत होत्या.

तुम्हाला एक कबुली द्यायची आहे. जूनमधले पाच दिवस मी घरी गेले नाही. चादरीच्या खोलीत झोपायचं सोंग करायची आणि दर तासाला वॉर्डात जाऊन लघवीची पिशवी बघायची. पाचव्या दिवशी सकाळी मी पिशवी बघायला आले, तर तुम्ही आधीच तिच्यासमोर उकिडवे बसला होतात. आपण दोघं एकमेकांकडे न बघता ती भरताना बघत बसलो. तुम्ही म्हणालात, “चाललंय.” मी म्हटलं, “चाललंय.” अकरावा दिवस गेला त्या दुपारी मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. हे भाविकाला सांगू नका.

गेल्या महिन्यात दिल्लीला मोठी परिषद झाली. देशोदेशीचे सर्जन आले होते. मला बोलायला वीस मिनिटं मिळाली. आकडे दाखवले, बशीची चित्रं दाखवली. शेवटी मी सांगितलं की हे सगळं एका बाईला न विचारलेल्या प्रश्नापासून सुरू झालं, आणि न विचारणारी मी होते. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आमचे मोठे साहेब, नळ्या घेऊन बसायचं नसतं म्हणणारे, पहिल्या रांगेत उभे होते. बाहेर आल्यावर तीन देशांतल्या डॉक्टरांनी आमचा नवा फॉर्म मागून घेतला. त्यातला पहिला प्रश्न बाईला एकटीला विचारायचा असतो. ज्याला राग येईल त्या नवऱ्याने खुशाल बाहेर चहा प्यावा.

मी काही विनयाची मूर्ती नाही. खूप मजा आली. माझ्या विषयात मी जिंकले, आणि जिंकले हे मला ओरडून सांगावंसं वाटतंय.

तिथे एका तरुण मुलीने मला विचारलं, “मॅडम, तुमच्या एवढ्या वर्षांतला सगळ्यात मोठा निष्कर्ष कोणता?” मी तिला दोन-तीन आकडे सांगितले. पण मनात ते नव्हतं. मनात होती ऑपरेशननंतरची दुसरी सकाळ. तुम्ही तिथेच होतात, पण स्वतःला काही तुम्ही बघत नव्हतात, म्हणून मी काय पाहिलं ते तुम्हाला लिहून ठेवते.

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. भामाताई आठ वर्षं छोट्या वाटीने पाणी प्यायल्या होत्या, उन्हाळ्यातसुद्धा, आणि ती वाटी तुम्हीच भरून द्यायचात. त्या सकाळी मी पाणी सुरू करायला सांगितलं. तुम्ही सवयीने तीच वाटी पुढे केलीत. त्यांनी ती एका घोटात संपवली आणि पुन्हा पुढे धरली. तुम्ही तांब्या उचललात, मध्येच थांबलात, आणि घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे बघून विचारलंत, “डाक्टर, किती देऊ?”

मी म्हटलं, “मागेल तितकं.”

अरुंधती